विश्लेषण : सोरायसिसमध्ये खरंच 'रक्त बिघडतं' का? रक्तवाहिन्यांच्या अस्तरातली प्रथिनं काय सांगतात?

'रक्त अशुद्ध झालंय, म्हणून अंगावर चट्टे उठलेत.' सोरायसिस असलेल्या बहुतेकांनी हे वाक्य घरात, शेजारीपाजारी किंवा मोबाइलवरच्या एखाद्या रीलमध्ये ऐकलेलं असतं. त्यामागोमाग 'रक्तशुद्धी'चा काढा, चूर्ण किंवा महिन्याभराचा 'कोर्स' येतो. काहींना तात्पुरता फरक वाटतो, मग चट्टे पुन्हा येतात आणि नव्या काढ्याचा शोध सुरू होतो.

गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या संशोधनाने या आजाराबद्दल वेगळंच चित्र समोर आणलं आहे. सोरायसिसमध्ये रक्तात घाण साचत नाही. मात्र रक्त ज्या नळ्यांमधून वाहतं त्यांच्या आतल्या अस्तराचं वागणं बदलतं. या अस्तरावरची काही प्रथिनं दारावरच्या राखणदारासारखं काम करतात. सोरायसिसमध्ये हे राखणदार दार उघडंच ठेवतात. त्यामुळे त्वचेत काय घडतं, हृदयाला त्याचा धोका का असतो आणि 'दार बंद करणारं' एक औषध बाजारातून मागे का घ्यावं लागलं, ते समजून घेऊ.

सध्या ही चर्चा का होते आहे?

मे २०२५ मध्ये जिनिव्हात झालेल्या ७८व्या जागतिक आरोग्य परिषदेत त्वचारोगांना जागतिक सार्वजनिक आरोग्याचा प्राधान्याचा विषय मानणारा ठराव मंजूर झाला. त्याआधी २०१४ मध्ये याच परिषदेने सोरायसिसवर स्वतंत्र ठराव केला होता. हा संसर्गाने न पसरणारा, दीर्घकाळ चालणारा, वेदना देणारा आणि अजून कायमचा बरा न होणारा आजार आहे, अशी दखल तेव्हा घेतली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या अहवालानुसार जगभरात किमान १० कोटी लोकांना सोरायसिस आहे. भारतात प्रौढांमध्ये त्याचं प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत ०.४४ ते २.८ टक्के आढळलं आहे.

दरम्यान डॉक्टरांचा दृष्टिकोनही बदलला. पूर्वी सोरायसिसला फक्त त्वचेचा आजार समजून मलम दिलं जायचं. आता त्याकडे सगळ्या शरीरात दाह निर्माण करणारा आजार म्हणून पाहिलं जातं. हा बदल होण्यात रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे.

सोरायसिसमध्ये नेमकं काय होतं?

निरोगी त्वचेत खालच्या थरात तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. पेशी नीट पक्व होण्याआधीच पृष्ठभागावर येतात, एकमेकींवर साचतात आणि त्यांचे चंदेरी पापुद्रे तयार होतात. कोपर, गुडघे, डोक्याची त्वचा आणि कमरेचा खालचा भाग या त्याच्या नेहमीच्या जागा.

ही घाई त्वचा स्वतःहून करत नाही. तिला तसा आदेश रोगप्रतिकारक यंत्रणेकडून, मुख्यतः 'टी पेशी' नावाच्या पांढऱ्या पेशींकडून मिळतो. आनुवंशिक कल असलेल्या माणसात घशाचा संसर्ग, त्वचेला झालेली इजा, काही औषधं किंवा मानसिक ताण अशा कारणाने ही यंत्रणा चेतवली जाते आणि शत्रू नसतानाही लढाई सुरू ठेवते.

पण टी पेशी तर रक्तात फिरत असतात. त्या रक्तातून बाहेर पडून नेमक्या त्वचेत कशा पोहोचतात? अस्तराची भूमिका इथे सुरू होते.

रक्तवाहिनीचं अस्तर म्हणजे काय?

हृदयाच्या मोठ्या धमनीपासून त्वचेतल्या केसाहून बारीक केशवाहिनीपर्यंत प्रत्येक रक्तवाहिनीच्या आत पेशींचा एक थर असतो. त्याची जाडी अवघी एका पेशीची. वैद्यकीय भाषेत त्याला एंडोथेलियम म्हणतात. पूर्वी हा थर पाइपला आतून लावलेल्या रंगासारखा निष्क्रिय मानला जायचा. प्रत्यक्षात तो सतत कामात असतो. नायट्रिक ऑक्साइड तयार करून तो रक्तवाहिनी सैल ठेवतो, रक्ताची गुठळी होऊ देत नाही आणि रक्तातलं काय बाहेरच्या ऊतींमध्ये जाईल हे ठरवतो.

एरवी या अस्तराचा पृष्ठभाग गुळगुळीत, न चिकटणारा असतो. पांढऱ्या पेशी त्याच्या बाजूने वाहून जातात. पण जवळपास संसर्ग किंवा जखम झाली, की तिथून टीएनएफ आणि आयएल-१७ यांसारखे रासायनिक निरोप येतात. निरोप मिळाला की अस्तर काही तासांत आपल्या पृष्ठभागावर चिकट प्रथिनं उभी करतं.

ही प्रथिनं काम कसं करतात?

पुराच्या पाण्यात वाहत चाललेला माणूस काठावर कसा येईल? आधी त्याच्या हाताला एखादी फांदी लागते, ती सुटते, दुसरी लागते. वेग थोडा मंदावतो. मग एखादं मजबूत मूळ हातात येतं आणि तो थांबतो. त्यानंतर तो काठावर चढतो. पांढरी पेशीही रक्तप्रवाहातून अशीच टप्प्याटप्प्याने बाहेर पडते.

पहिला टप्पा वेग कमी करण्याचा. यात ई-सिलेक्टिन हे प्रथिन 'फांदी'चं काम करतं. त्वचेकडे निघालेल्या टी पेशींवर सीएलए नावाची एक खूण असते. ई-सिलेक्टिन ती खूण ओळखून पेशीला अलगद पकडतं, सोडतं, पुन्हा पकडतं. पेशी अस्तरावरून घरंगळू लागते. सीएलए म्हणजे जणू पाकिटावर लिहिलेला त्वचेचा पत्ता.

दुसरा टप्पा घट्ट चिकटण्याचा. इथे आयकॅम-१ आणि व्हीकॅम-१ ही प्रथिनं येतात. टी पेशीवरचं एलएफए-१ हे प्रथिन आयकॅम-१ ला कुलूप-किल्लीसारखं बसतं आणि पेशी जागेवर थांबते.

तिसरा टप्पा पलीकडे जाण्याचा. थांबलेली पेशी अस्तराच्या दोन पेशींमधल्या फटीतून सरकत त्वचेत उतरते.

निरोगी माणसात जखम भरली की निरोप थांबतात, ही प्रथिनं कमी होतात आणि दार बंद होतं. सोरायसिसच्या चट्ट्यात मात्र निरोप थांबतच नाहीत. आत शिरलेल्या टी पेशी स्वतःच टीएनएफ आणि आयएल-१७ सोडतात. त्यामुळे अस्तरावर आणखी चिकट प्रथिनं येतात आणि आणखी टी पेशी आत शिरतात. हे चक्र महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं फिरत राहतं.

पापुद्रा निघाल्यावर रक्ताचे थेंब का दिसतात?

सोरायसिसचा पापुद्रा ओढून काढला तर खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात. एकोणिसाव्या शतकातले व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिख ऑस्पिट्झ यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. त्यात रक्त 'खराब' असल्याचा पुरावा नाही. केशवाहिन्या त्वचेच्या पृष्ठभागाच्या फार जवळ आल्याचा तो पुरावा आहे.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे आयर्विन ब्रेव्हरमन यांनी १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या केशवाहिन्यांचा अभ्यास केला. त्या रुंद झालेल्या आणि वेड्यावाकड्या वळलेल्या असतात. १९९४ मध्ये मायकेल डेटमार आणि सहकाऱ्यांनी त्यामागचा एक दुवा दाखवून दिला. चट्ट्यातल्या त्वचेच्या पेशी व्हीईजीएफ हे प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार करतात आणि तिथल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ते ओळखणारी ग्राही प्रथिनंही वाढलेली असतात. व्हीईजीएफचा निरोप असतो, 'नव्या रक्तवाहिन्या वाढवा, भिंती सैल करा.' चट्टा लाल आणि कोमट का लागतो, याचं उत्तर इथे मिळतं. सावळ्या त्वचेवर हा लालपणा अनेकदा जांभळट किंवा करडा दिसतो, त्यामुळे आपल्याकडे निदानात गफलत होऊ शकते.

हाच प्रकार जवळपास सगळ्या अंगावर झाला, तर त्याला एरिथ्रोडर्मिक सोरायसिस म्हणतात. त्वचेतल्या रक्तवाहिन्या इतक्या सैलावतात की शरीरातली उष्णता आणि पाणी बाहेर जातं, हृदयावर ताण येतो आणि रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावं लागतं.

मग दारच बंद केलं तर?

ही कल्पना संशोधकांनाही सुचली होती. पहिला प्रयत्न ई-सिलेक्टिनवर झाला. त्याला अडवणारं प्रतिपिंड सोरायसिसच्या रुग्णांना देऊन चाचणी घेण्यात आली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार त्याचा उपयोग झाला नाही. एक फांदी तोडली तरी पेशी दुसऱ्या आधाराने काठावर येतच होत्या.

दुसरा प्रयत्न घट्ट चिकटण्याच्या टप्प्यावर होता. एफालिझुमॅब हे औषध टी पेशीवरच्या एलएफए-१ ला झाकायचं, म्हणजे किल्लीवरच आवरण घालायचं. मग ती आयकॅम-१ च्या कुलपात बसणार कशी? अमेरिकेत २००३ मध्ये 'रॅप्टिव्हा' या नावाने त्याला मान्यता मिळाली. अनेक रुग्णांचे चट्टे खरंच कमी झाले. त्यांच्या रक्तचाचणीत पांढऱ्या पेशींची संख्या वाढलेली दिसायची, कारण त्या पेशी रक्तातून बाहेर पडू शकत नव्हत्या. तत्त्व बरोबर असल्याचा हा जिवंत पुरावा होता.

पण शरीरात इतर ठिकाणी हेच दार उघडं असणं गरजेचं असतं. जेसी नावाचा एक विषाणू अनेकांच्या शरीरात निपचित पडून असतो. टी पेशी गस्त घालून त्याला दाबून ठेवतात. तीन वर्षांहून जास्त काळ एफालिझुमॅब घेत असलेल्या काही रुग्णांमध्ये या विषाणूने मेंदूवर हल्ला केला. पीएमएल नावाचा हा मेंदूविकार अनेकदा जीवघेणा ठरतो. तीन रुग्णांमध्ये त्याचं निदान निश्चित झालं आणि २००९ मध्ये औषध युरोप आणि अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आलं.

व्हीकॅम-१ ची जोडी तोडणाऱ्या नॅटालिझुमॅब या औषधाबाबतही हाच धोका समोर आला होता. ते सोरायसिसचं नव्हे, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचं औषध. २००५ मध्ये त्याची विक्री थांबवली गेली आणि २००६ मध्ये कडक अटींसह पुन्हा सुरू झाली.

धडा स्पष्ट होता. सोरायसिस त्वचेत दिसत असला, तरी अस्तर सगळ्या शरीराचं आहे. तिथलं दार सरसकट बंद करता येत नाही.

यात भारताचा काय संबंध?

२०१३ मध्ये बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने इटोलिझुमॅब हे औषध 'अल्झुमॅब' या नावाने सोरायसिससाठी भारतात आणलं. क्युबातल्या हवाना इथल्या संस्थेबरोबरच्या सहकार्यातून ते विकसित झालं. टी पेशीवरचं सीडी-६ हे प्रथिन त्याचं लक्ष्य. सीडी-६ ज्याला जोडलं जातं ते अल्कॅम हे प्रथिन प्रतिकारक पेशींवर असतं, तसंच रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही आढळतं.

हे नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते २०२० मध्ये. त्या वर्षी जुलैमध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी कोरोनाच्या गंभीर रुग्णांसाठी त्याच्या मर्यादित आपत्कालीन वापराला परवानगी दिली. त्यासाठीची चाचणी केवळ ३० रुग्णांवर झाली होती. त्यावर टीका झाली आणि राष्ट्रीय कृती दलाने ते उपचारांच्या राष्ट्रीय नियमावलीत घेतलं नाही. दाह आवरणारं औषध एका आजारात चालतं म्हणून ते दुसऱ्यातही चालेल असं नाही. त्यासाठी मोठ्या चाचण्याच लागतात.

आताची औषधं काय करतात?

आताच्या औषधांनी दाराला हात लावायचं सोडून दार उघडायला सांगणारा निरोप्या अडवायचा मार्ग धरला. अडालिमुमॅब टीएनएफला पकडतं, सेक्युकिनुमॅब आयएल-१७ ला, तर उस्टेकिनुमॅब त्याच साखळीतल्या आयएल-१२ आणि आयएल-२३ ला. निरोप कमी झाला की अस्तरावरची चिकट प्रथिनं उतरतात, केशवाहिन्या निवळतात आणि पेशींची गर्दी ओसरते. अनेक रुग्णांची त्वचा यामुळे जवळपास स्वच्छ होते.

या औषधांनाही जोखीम आहेच. टीएनएफ हा क्षयरोगाच्या जंतूंना कोंडून ठेवणाऱ्या यंत्रणेचाही भाग आहे. भारतात क्षयाचे जंतू शरीरात सुप्त असलेल्यांची संख्या मोठी असल्याने अशी इंजेक्शनं सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी होणं अत्यावश्यक आहे. किंमत हा दुसरा अडथळा. अडालिमुमॅबची जगातली पहिली जैवसमान आवृत्ती २०१४ मध्ये भारतातच झायडस कॅडिलाने आणली. मूळ औषधाच्या तुलनेत ती स्वस्त असली, तरी अनेक कुटुंबांना हा दीर्घकाळचा खर्च अजूनही जड जातो.

हृदयाचा यात काय संबंध?

कोरोनरी धमनीत चरबीचा थर साचण्याची सुरुवातही अस्तरापासूनच होते. अस्तर बिघडलं की त्यावर व्हीकॅम-१ आणि आयकॅम-१ उभी राहतात, त्यांना पांढऱ्या पेशी चिकटतात, भिंतीत शिरतात आणि तिथलं कोलेस्टेरॉल गिळून फुगतात. त्वचेतल्या चट्ट्यात जी प्रथिनं दार उघडतात, त्यांचाच हा दुसरा उद्योग. त्यात सोरायसिसमधले दाहक निरोप रक्तावाटे सगळीकडे फिरत असतात.

२००६ मध्ये जोएल गेलफँड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. तिशीतल्या तीव्र सोरायसिसच्या रुग्णात हृदयविकाराच्या झटक्याचा सापेक्ष धोका सुमारे ३.१ पट आढळला. सौम्य आजार असलेल्या तिशीतल्या रुग्णात तो १.२९ पट होता, तर साठीतल्या तीव्र आजाराच्या रुग्णात १.३६ पट. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान अशी नेहमीची कारणं हिशेबात धरल्यावरचे हे आकडे आहेत.

'तीन पट' वाचून घाबरू नका. तिशीत झटक्याचा मूळ धोकाच फार कमी असतो, त्याच्या तीन पटही लहानच राहतो. पण 'आपलं वय कमी आहे, मग कसली तपासणी' हा समज सोडायला हे पुरेसं आहे. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये सोरायसिसचा समावेश हृदयाचा धोका वाढवणाऱ्या घटकांत केलेला आहे.

त्वचा बरी केली की हृदयही वाचतं का?

इथे उत्तर अजून पक्कं नाही. महाधमनीतला दाह स्कॅनवर मोजणाऱ्या चाचण्यांपैकी अडालिमुमॅबच्या २०१८ च्या चाचणीत त्वचा सुधारली, पण महाधमनीतला दाह कमी झाला नाही. उस्टेकिनुमॅबच्या २०२० च्या चाचणीत १२ आठवड्यांनी तो कमी दिसला, पण हा फायदा वर्षभर टिकला नाही. काही निरीक्षणात्मक अभ्यासांत अशा औषधांवर असलेल्या रुग्णांच्या हृदयधमन्यांमधला मऊ थर कमी झालेला दिसला आहे. तरीही 'हे इंजेक्शन घ्या, हार्ट अटॅक टळेल' असं म्हणण्याइतका पुरावा आज नाही. म्हणून हृदयाची काळजी वेगळी घ्यावी लागते.

रुग्णांनी काय करावं?

पहिलं, वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि वजन तपासा. त्वचेचे डॉक्टर विचारत नसतील तर आपण विचारा आणि फॅमिली डॉक्टरांना सोरायसिस असल्याचं आवर्जून सांगा. सकाळी सांधे आखडत असतील किंवा बोटं सुजत असतील, तर तेही सांगा. सोरायसिस सांध्यांपर्यंत पोहोचू शकतो.

दुसरं, तंबाखू सोडा, दारू टाळा आणि वजन आटोक्यात ठेवा. जास्त वजन असलेल्या रुग्णांनी ते कमी केल्यावर चट्टेही कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलं आहे.

तिसरं, झटपट गुण देणाऱ्या गोळ्या आणि पुड्यांपासून सावध राहा. तोंडावाटे किंवा इंजेक्शनने दिलेलं स्टेरॉइड दाह वेगाने दाबतं, म्हणून दोन दिवसांत जादू झाल्यासारखी वाटते. ते बंद होताच आजार दुप्पट जोराने उसळू शकतो. कधी अंगभर पूयुक्त पुटकुळ्या येतात, कधी सगळी त्वचा लाल होते. 'पूर्ण नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकारही आढळले आहेत. घटकांची नावं छापलेली नसतील, तर ती पुडी घेऊ नका.

चौथं, आयकॅम-१ किंवा ई-सिलेक्टिन मोजणारी रक्तचाचणी करून घेण्याची गरज नाही. संशोधनात ती मोजली जातात, पण निदान आणि उपचार आजही त्वचा पाहूनच ठरतात.

आणि घरच्यांनी?

'रक्त अशुद्ध' हे शब्द फक्त चुकीच्या औषधाकडे नेत नाहीत, माणसाकडे पाहण्याची नजरही बदलतात. ताट वेगळं होतं, टॉवेल वेगळा होतो, लग्नाच्या बोलण्यांत ही गोष्ट लपवली जाते. सोरायसिस स्पर्शाने, एकत्र जेवण्याने किंवा एकमेकांचे कपडे वापरल्याने पसरत नाही. रक्तात कोणतीही घाण नसते, त्यामुळे 'शुद्ध' करण्यासारखं काहीच नसतं. बिघडलेलं असतं ते निरोपांचं चक्र. ते आवरण्याची औषधं आज उपलब्ध आहेत. पुढच्या वेळी कुटुंबाच्या ग्रुपवर 'रक्तशुद्धी'चा व्हिडिओ आला, तर तो पुढे पाठवण्याआधी रुग्णाला एवढंच विचारा : शेवटचा रक्तदाब कधी तपासला होता?